वकिलांच्या शेजारचा पाट

दार आतून बंद होतं, आणि विट्याच्या माळवद्यांचं दार भरदिवसा बंद असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांचं हे घर सकाळी उघडलं की रात्रीच लागायचं. शिवणाच्या दुकानातली गिऱ्हाइकं, शेजारणी, शेजारणींच्या कोंबड्या, कुणीही आत शिरावं आणि चहाच्या वेळेला असेल त्यानं चहा प्यावा, अशी तिथली रीत. मी कडी वाजवली तशी आतली भांड्यांची आदळआपट एकदम थांबली.

खिडकीचं दार बोटभर उघडलं आणि एक डोळा दिसला. तो माझ्या धाकट्या मेहुणीचा, सुलूचा होता. खिडकी पुन्हा लागली.

"आले," सुलू आत म्हणाली.

"इतक्यात?" हा सासूबाईंचा आवाज. त्यांना मी मामी म्हणायचो. "बाराची गाडी म्हणाले होते की."

"मग काय करू, परत पाठवू?"

"हळू बोल. त्यांना ऐकायला जाईल."

सगळं ऐकायला येत होतं. तेवढ्यात शेजारच्या बोळातून सायकल खडखडली. मामा, म्हणजे माझे सासरे, मागच्या दारानं निघाले होते. साठीला आलेला माणूस, खाली पायजमा आणि वर नुसता बनियन. त्यांनी मला पाहिलं. मी हात जोडले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि पेडल जोरात मारलं.

मी तेव्हा साताऱ्यात राहायचो आणि सहकारी सोसायट्यांचे हिशेब तपासायचो. माझी भाकरीच संशयावर होती. ज्या सोसायटीत आपण गेल्या गेल्या भजी मागवतात, तिथलं गोदाम आधी बघायचं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. पण त्या रविवारी मी नुसता संशय घेऊन आलो नव्हतो, भीतीही होती. माला, माझी बायको, भांडून इकडे निघून आली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन-तीन आठवडे तिचा फोन नाही की निरोप नाही. आणि अचानक साडूंचा, दिगंबररावांचा, ऑफिसात फोन आला होता. "धोंड्याचा महिना आहे, रविवारी वाण घ्यायला या. मालाचं काय ते इथंच ठरवू."

अधिक महिन्यात जावयाला बोलवून जेवू घालतात, तबकात दिवा लावून अनारशांचं वाण देतात, हे मला माहीत होतं. पण भांडून आलेल्या लेकीच्या नवऱ्याला एवढा मान कशाला, हे कळेना. बोकडालाही आधी हारच घालतात.

दार उघडलं ते दिगंबररावांनी. त्यांचं कऱ्हाडला मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं आणि गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. आज मात्र ते दारात आडवे उभे राहिले.

"या, या, रमाकांतराव. गाडी लवकर मिळाली वाटतं."

"मिळाली."

"वा. मग चला, आधी पाण्याची टाकी बघू."

"टाकी मी लग्नात पाहिलीय."

"आता कॉक बदललाय."

मी टाकी पाहिली. कॉक पितळी होता. दिगंबररावांनी तो तीनदा उघडून बंद करून दाखवला आणि दर वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून उदबत्तीचा धूर येत होता. देवाला लावतात तेवढा नव्हे, अख्खा पुडा पेटवल्यासारखा. त्या वासाखाली दुसरा काहीतरी करपल्याचा वास होता.

"काय जळतंय?" मी विचारलं.

"काही नाही. घराला रंग दिला का हो पुरा?"

"कसला रंग?"

दिगंबरराव माझ्याकडे पाहत राहिले. मीही त्यांच्याकडे पाहत राहिलो. आमच्या घराला मी शाळेत असताना चुना लावला होता, त्यानंतर काही नाही. हा प्रश्न मला अडकवायला टाकलाय, एवढं मात्र मी ओळखलं. म्हणून मी म्हणालो, "बघू." त्यांनीही "बरोबर आहे" म्हणून मान हलवली.

बाहेरच्या खोलीत आलो तर खुर्चीवर एक टक्कल पडलेले गृहस्थ बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, आणि ती दोन्ही हातांनी धरलेली.

"हे आमचे देशमाने वकील," दिगंबरराव म्हणाले.

मी नमस्कार केला. वकिलांनी नमस्कारासाठीही पिशवी सोडली नाही, नुसती मान लववली.

"आज रविवारी कसं काय?" मी विचारलं.

"बायकोनं बसवलंय," ते म्हणाले आणि लगेच आतल्या दाराकडे पाहून गप्प झाले.

"कुठल्या केसेस बघता?"

"सगळ्याच. जमिनीच्या, भाऊबंदकीच्या. नवरा-बायकोच्याही येतात." त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सरकारी नोकरी ना तुमची?"

"हो."

"कायम?"

"कायम."

"घर स्वतःचं?"

"वडिलांचं."

ते "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये मला पोटगीचा आकडा ऐकू आला. पिशवीत कागद आहेत, हे आता उघड होतं. मी पिशवीकडे पाहिलं तशी त्यांनी ती खुर्चीखाली सरकवली आणि वर पाय ठेवला.

मला त्या घराची खरी भीती त्याच्या आवाजामुळं नव्हती, त्या दिवशीच्या शांततेमुळं होती. आमच्या घरी आम्ही दोघंच, मी आणि वडील. आई माझ्या लहानपणीच गेली. आमच्याकडे मीठ हवं असलं तर हात पुढे करायचा, बोलायचं कशाला. दाराआडची कुजबुज मी आयुष्यात एकदाच ऐकली होती, आई दवाखान्यात असताना. मोठी माणसं आवाज खाली करून बोलत होती आणि मला बाहेर गोट्या खेळायला पाठवत होती. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर हळू बोललं की माझे हातपाय गार पडतात.

पाणी घेऊन माला आली. इतक्या दिवसांनी ती समोर उभी होती आणि मला एवढंच सुचलं की तांब्या घ्यावा. तिचे डोळे लाल होते. उजव्या हाताच्या दोन बोटांना हळद लावलेली होती.

"हाताला काय झालं?"

"काही नाही."

"रडलीस?"

"धूर झालाय आत." ती खाली बघत म्हणाली. "बाबा बरे आहेत?"

"बरे आहेत. तू..."

"माला," आतून तिची थोरली बहीण शकूताई ओरडली आणि ओरडून झाल्यावर आवाज खाली आणला. "इकडं ये लवकर. गेलं बघ हेही."

माला धावली. दार लागलं. मागोमाग मामींचा रडवेला आवाज आला, "आता त्यांना काय तोंड दाखवू मी?" आणि कुणीतरी त्यांना "श्शू" केलं.

काय गेलं, कुणाचं गेलं, मला कळेना. मी वकिलांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"तुमच्या घरचं कुणी आत आहे का?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"बायको."

"त्यापण वकील?"

"घरी," वकील म्हणाले.

मामा परत आले तेव्हा बनियनच्या आत काहीतरी पुडकं कोंबलेलं होतं आणि त्यावर त्यांनी हात दाबून धरला होता. ते माझ्या समोरून भिंतीला पाठ लावून आडवे सरकत गेले. "या पाहुणे, बसा," असं भिंतीला चिकटूनच म्हणाले आणि आत नाहीसे झाले. हिशेबतपासणीत मी अनेक माणसांना अनेक गोष्टी दडवताना पाहिलं होतं, पण इतकं वाईट दडवणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. मग वाटलं, जो मुलीचं लग्न मोडायला निघालाय त्याला जावयासमोर सरळ चालवत तरी कसं असेल.

सुलूनं पोहे आणून दिले. मी न मागता तिनं दुसऱ्यांदा वाढले, मग तिसऱ्यांदा.

"एवढे पोहे खाल्ले तर जेवू कसा?"

"जेवायला वेळ आहे अजून," ती म्हणाली. "तुम्ही सावकाश खा. एकेक खा."

पोहे एकेक खाताना मी मनातल्या मनात बोलायचं ठरवत होतो. मी म्हणणार होतो की चूक झाली असेल. मग वाटे, चूक काय झाली? नुसतं एक वाक्य तर बोललो होतो. मग मालाच्या हळद लावलेल्या बोटांवर मन जाई आणि वाटे, चूक झाली नाही म्हणून काय उपयोग, ती तर इकडे आहे. एवढं खरं होतं की तिच्याशिवाय परत गेलो असतो तर आमच्या त्या घराच्या चारही खोल्यांत मला बसवलं नसतं. पूर्वी मला तिथली शांतता आवडायची. ती गेल्यापासून मी संध्याकाळी मुद्दाम ऑफिसात थांबायला लागलो होतो.

अखेर पाट मांडले. रांगोळी घातली होती, पण घाईघाईत, एका बाजूचं फूल अर्धंच राहिलेलं. मला मधल्या पाटावर बसवलं. डावीकडे दिगंबरराव, तेही जावईच. उजवीकडचा पाट रिकामा होता. मला वाटलं मामा बसतील. तिथं देशमाने वकील येऊन बसले, पिशवीसकट.

आता माझी खात्री पटली. एका बाजूला साक्षीदार आणि एका बाजूला वकील. आणि मालाला न्यायला मी एकटाच आलो होतो.

बायका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मामी, शकूताई, सुलू, एक जाडजूड अनोळखी बाई, त्या वकिलीणबाई असाव्यात, आणि सगळ्यांच्या मागे माला. कुणी बोलेना. माळवद्यांच्या घरात पाच माणसं एका जागी उभी आणि कुणी बोलत नाही, हे मी लग्नात मंगलाष्टकांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मामी हातात तबक घेऊन पुढे आल्या. त्यात एका कडेला दिवा तेवत होता. बाकीच्या तबकावर लाल कापड झाकलेलं होतं.

"डोळे मिटा," मामी म्हणाल्या.

"का?"

"वाण घेताना मिटायचे असतात."

"असं कुठं असतं?" दिगंबरराव म्हणाले. "मला तर कधी..."

शकूताईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ताबडतोब डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला वाटलं, मिटले तर उघडेपर्यंत सगळं झालेलं असेल. मी पाटावरून उठलो.

"मामी, मला सरळ सांगा," मी म्हणालो. "सकाळपासून बघतोय. दारं लावून कुजबुज चाललीय, मामा तोंड चुकवतायत, शेजारी वकील आणून बसवलाय. आमचं भांडण झालं हे मला मान्य आहे. पण मी तिला घरातून जा म्हणालो नव्हतो. बाबा दुपारचे झोपले होते आणि ती शेजारणीशी हसत होती, मी एवढंच म्हणालो की हे घर आहे, जत्रा नाही. त्यावर तिनं पिशवी भरली. त्यासाठी वकिलापर्यंत जायची काय गरज होती? मी तिला न्यायला आलोय. वाण नको, जेवण नको. तिला पाठवता की नाही, एवढं सांगा."

"भांडण?" मामी म्हणाल्या. "कसलं भांडण?"

"तुमच्या घराला रंग देतायत ना?" दिगंबररावांनी डोळे उघडले. "वासानं डोकं धरतं म्हणून माला इकडं आलीय. परत कधी पाठवायचं तेच आज ठरवायचं होतं. पिस्ता रंग."

"पुढची खोली पिस्ता आणि मधली मोतिया," सुलू म्हणाली.

मी मालाकडे पाहिलं. तिनं पदर तोंडावर धरला होता. एवढे दिवस ती या घरात राहिली होती, ज्या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही, आणि माझ्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. उलट आमच्या पडक्या चुन्याला तिनं पिस्ता रंग दिला होता. मला पाटावर परत बसावंसं वाटलं.

"आणि वकील कशाला?" मी तरी शेवटचं विचारून घेतलं.

"मी आणलेच नाहीत त्यांना," मामी म्हणाल्या. "वकिलीणबाईंना बोलावलं, ते त्यांच्याबरोबर आले." मग त्यांचा धीर सुटला. त्यांनी तबकावरचं कापड काढलं. वर चार-पाच सुरेख जाळीदार अनारसे मांडले होते. त्यांच्याखाली मामांनी बनियनमधून आणलेले बत्तासे होते, आणि त्यांच्याखाली नुसता तपकिरी चुरा.

"हसले हो अनारसे. तुपात टाकला की विरघळला. घाणाच्या घाणा गेला. माझी सासू म्हणायची, पहिल्या धोंड्याचं वाण बिघडलं तर जोडप्याचं बरं नाही. तुमची माणसं कडक शिस्तीची, लग्नातसुद्धा तुम्ही एकदा हसला नाहीत. म्हटलं कळलं तर उठून जातील."

"म्हणून तांदूळ पुन्हा भिजवायला वेळ नाही तर माझ्या घरचं पीठ आणलं," वकिलीणबाई म्हणाल्या. "पण माझाही जावई गुरुवारी यायचाय. अर्धं यांना दिलं आणि अर्धं यांच्याजवळ ठेवलं." त्यांनी नवऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "म्हटलं, सोडू नका हातातून. या घरात ठेवलेली वस्तू परत मिळत नाही."

वकिलांनी पिशवी उघडून मला दाखवली. आत पिठाचा डबा होता.

"पण बिघडलं कसं?" मामा कोपऱ्यातून म्हणाले. "दरसाल तर चांगले होतात."

"गूळ जास्त झाला," वकिलीणबाईंनी निकाल दिला. "दुप्पट नाही, तिप्पट पडलाय."

"मी मापानंच घातला," मामी म्हणाल्या.

शकूताई खाली बघायला लागली. "मला वाटलं, तू हल्ली कमी घालतेस. म्हणून तू झोपल्यावर मी थोडा मिसळला."

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी?" माला मागून म्हणाली. "मग मी बुधवारी घातला तो?"

"तू कशाला घातलास?"

"तुझा हात आखडता आहे म्हणून. आईनं केलं असलं तरी तू मळलं होतंस ना."

"माझा हात आखडता? तुझ्या डोहाळजेवणाला... म्हणजे होईल तेव्हा बघू आता."

"तिघींनी घातला?" मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि मला सकाळपासून रडवताय? मी त्या तुपावाल्याला शिव्या दिल्या."

आणि मग माळवद्यांचं घर परत आपल्या आवाजावर आलं. कोण कुणाला बोलतंय ते कळेना. मामी शकूताईला, शकूताई मालाला, आणि सुलू सगळ्यांना सांगत होती की तिनं काहीच घातलं नव्हतं, फक्त चव बघायला रोज थोडं खाल्लं होतं. एवढ्यात मामांना माझं भाषण आठवलं.

"पण रमाकांतराव म्हणाले ते काही खोटं नाही," ते म्हणाले. "आपल्या पोरी मोठ्यानंच हसतात. मी कित्येक वर्षं म्हणतोय."

"कधी म्हणालात?" मामींनी मोर्चा तिकडं वळवला.

"मनात."

"आणि जत्रा म्हणायची काय गरज होती?" शकूताई माझ्याकडे वळली. "नुसतं हळू म्हणाला असता तर?"

"हळू म्हटलेलं तुम्हांला ऐकू येतं का?" दिगंबरराव म्हणाले. "मी लग्न झाल्यापासून हळू म्हणतोय. वकीलसाहेब, तुम्ही सांगा. जत्रा म्हणणं गुन्हा आहे का?"

"जत्रा कुणाची, यावर आहे," वकील म्हणाले. "माझी बायको मला न्यायालयात ओरडल्यासारखं घरात ओरडू नका म्हणते, आणि मी न्यायालयात कधी ओरडलेलो नाही."

"तिथं ओरडला असता तर दोन केसेस जिंकला असता," वकिलीणबाई म्हणाल्या.

त्यावर मला हसू आलं. मी ते दाबायला गेलो, आणि दाबलेलं हसू नाकातून बाहेर आलं, फार विचित्र आवाज करत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामी तबक धरून तशाच उभ्या, त्यातला दिवा तिरका झालेला, आणि वकिलांच्या मांडीवर तो पिठाचा डबा. मी पाटावर बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. भीती गेली होती म्हणूनही असेल. पण खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता. त्या गोंधळात माझीही निंदा चालली होती, माझ्या तोंडावर, मोठ्या आवाजात, आणि मला ती गोड लागत होती. घरच्या माणसालाच कुणी असं बोलतं.

मी तबकातला चुरा उचलून तोंडात टाकला. "चांगला लागतोय," मी म्हणालो. "दूध घालून आणा."

आम्ही सगळ्यांनी तो वाटीत दूध घालून चमच्यानं खाल्ला. गूळ खरोखरच तिप्पट होता. वर ठेवलेले चार-पाच चांगले अनारसे वकिलीणबाईंनी मोजून परत डब्यात भरले. माला दारातूनच बघत होती. ती हसत होती की नाही, मला नीट दिसलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला तिची पिशवी मामींनीच भरून दिली. स्टँडवर सगळे आले होते. गाडी सुटली तरी दिगंबरराव खिडकीबरोबर चालत मला मोटार कशी जळते ते सांगत होते. मग ते मागे राहिले आणि आम्ही दोघंच उरलो.

"तुम्हांला एक सांगायचंय," माला म्हणाली. "तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता."

मी तिच्याकडे वळलो.

"काल मी देशमानेकाकांना विचारलं होतं. वेगळं राहायचं तर काय करावं लागतं, ते."

"मग?"

"म्हणाले, उद्या पाहुणा जेवायला येतोय ना, मला त्याच्या शेजारी बसव. माणूस बघतो, मग सांगतो."

"मग काय सांगितलं?"

"निघताना म्हणाले, याच्याविरुद्धची केस मी घेणार नाही. विचारायच्या आधीच सगळं कबूल करतो, असल्या माणसासमोर वकिलानं करायचं काय." ती थोडं हसली. मग तिनं मूठ उघडली. हातात किल्ली होती. "ही शकूताईच्या घराची. रंगाचा वास अजून असेल असं सांगून सकाळी मागून घेतली. ते लोक चार दिवस इथंच आहेत. मी कऱ्हाडला उतरणार होते."

"उतरणार होतीस, की उतरणार आहेस?"

"ते मलाही कळत नाहीये. तुम्ही आज हसलात. पण उद्या घरी गेल्यावर तुम्ही आणि बाबा परत मीठ मागायला हात पुढं करणार. मला त्या घरात माझाच श्वास ऐकू येतो हो. मी मोठ्यानं हसते ते आनंदानं नाही, घाबरून हसते."

हे मला माहीत नव्हतं. मी ज्या आवाजाला जत्रा म्हणालो होतो, तो आमच्या शांततेला घाबरलेला आवाज होता. मला लाज वाटली आणि तिची फार माया आली.

"मला बोलता येत नाही, माला," मी म्हणालो. "बाबांनाही येत नाही. आई गेल्यावर आम्ही थांबलोच. पण तू गेल्यावर ते परवा मला म्हणाले, घर फार मोठं वाटतं. एवढं मोठं वाक्य ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. मला तू घरात हवी आहेस. ओरड, भांड, शेजारणींना गोळा कर. नुसती असू नकोस, आवाजासकट हवीस."

ती काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून एक डोकं आमच्या दोघांच्या मधे आलं. डोक्यावरून लुगड्याचा पदर घेतलेली एक म्हातारी होती.

"मग काय ठरलं तुझं?" तिनं मालाला विचारलं.

"आजी, तुम्ही ऐकत होता?"

"कान हायत तर ऐकू येतंच की. इट्यापास्नं ऐकतीया. त्यो चांगला बोलला बग आत्ता. आमचा म्हातारा मरस्तवर तेवढं बोलला न्हाई. नांदायला जातीस का कऱ्हाडाला उतरतीस?"

पुढच्या बाकावरचे दोघे वळून बघायला लागले होते. कंडक्टर आमच्याजवळ येऊन थांबला. त्यानं तिकिटांच्या पेटीवर पंच टकटक वाजवला.

"कुठं?"

"सातारा," मी म्हणालो.

"एक का दोन?"

मी उत्तर दिलं नाही. ते माझं उत्तर नव्हतं. माला माझ्याकडे बघत होती, म्हातारी तिच्याकडे बघत होती, आणि कंडक्टर तिघांकडे.

"बाई, लवकर बोला, मागं अख्खी गाडी राहिलीय," तो म्हणाला.

"दोन द्या," माला म्हणाली.

म्हातारी "हां" म्हणून मागे टेकली. कंडक्टरनं तिकिटं पंच करून माझ्या हातात ठेवली आणि तो मागच्या बाकाकडे गेला. मी ती खिडकीजवळ उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली.

"काय बघताय?" मालानं विचारलं.

"एखादं कऱ्हाडचं तर दिलं नाही ना त्यानं," मी म्हणालो, "तेवढं बघतोय."